न्यूझीलंडच्या जुन्या वर्तमानपत्रांतली पैदाशीच्या घोड्याची जाहिरात कशी वाचावी

१८८०च्या दशकातलं कँटरबरी भागातलं एखादं गावाकडचं वर्तमानपत्र घ्या आणि सप्टेंबर महिन्यातला अंक उघडा. पहिल्या पानावर बातम्या नाहीत, नुसत्या जाहिराती. बियाणं, नांगर, कुंपणाची तार यांच्या शेजारी एका रकान्यात घोड्यांची छोटी छोटी चित्रं दिसतील आणि प्रत्येकाखाली मजकूर साधारण एकाच थाटाचा: अमुक घोडा या हंगामात अमुक ठिकाणी उभा राहील, किंवा अमुक रस्त्याने फिरेल. हे घोडे विकायला काढलेले नाहीत. मालक शेजारपाजारच्या शेतकऱ्यांना सांगतोय, की तुमच्या घोड्या माझ्या घोड्याकडून भरवून घ्या, फी इतकी.

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण इतिहासात शिरणाऱ्याला, तिथे स्थायिक होऊन आपल्या गावाचा जुना वृत्तान्त शोधणाऱ्याला किंवा घोड्यांचं वेड असणाऱ्या कुणालाही या जाहिराती म्हणजे खजिना आहे. पण नवा माणूस हमखास वंशावळीत अडकतो. जाहिरातीचा अर्धा भाग बाप, आजोबा, पणजोबा यांनी भरलेला असतो, नावं भारदस्त असतात, आणि ती उतरवून घेण्यात दुपार जाते. मी उलट क्रम सांगेन. आधी रस्ता, मग फी, मग अटी, आणि वंशावळ सगळ्यात शेवटी. घोड्याबद्दल ही जाहिरात अर्धवटच खरी असते. तिथल्या शेतकऱ्यांबद्दल मात्र ती फार खरं बोलते, कारण त्यांना न परवडणारी अट घालून मालकाचा धंदा चालणार नव्हता.

उदाहरणासाठी ॲशबर्टन हा एकच जिल्हा धरू. दक्षिण बेटावर रकाया आणि रंगिटाटा या दोन नद्यांच्या मधलं सपाट मैदान. कँटरबरीची वसाहत १८५०ची. सुरुवातीला इथे मेंढ्यांचे मोठाले रन, म्हणजे चराऊ जमिनींचे पसारे होते, १८७०च्या दशकात रेल्वे आली आणि गहू पसरला. गव्हासाठी नांगरट, नांगरटीसाठी जड घोडे. ॲशबर्टन गार्डियन हे तिथलं वर्तमानपत्र १८७९मध्ये सुरू झालं, म्हणजे ऐन या काळात.

पहिली पायरी: महिना बरोबर धरा

आपल्याकडच्या किंवा इंग्लंडच्या हिशेबाने एप्रिल-मे महिन्यांचे अंक चाळत बसाल तर हाती फारसं काही लागणार नाही. दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबरमध्ये येतो. दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येतात. म्हणून जाहिराती ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाट होतात आणि नवीन वर्षाच्या सुमारास विरळ होतात.

घोडी साधारण अकरा महिने, म्हणजे ३४० दिवसांच्या आसपास गाभण राहते. १ ऑक्टोबरला भरलेली घोडी पुढच्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्यायची. यात एक छोटी अडचण लक्षात ठेवा. दक्षिण गोलार्धात सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ ऑगस्टला धरतात. जुलैच्या अखेरीला जन्मलेलं शिंगरू कागदोपत्री आठवड्याभरात एक वर्षाचं होतं. शर्यतीच्या घोड्यांच्या मालकाला हे फार जपावं लागे, नांगराच्या घोड्यांच्या मालकाला त्याची तेवढी फिकीर नसे. जाहिरातीत ‘रायझिंग फोर’ असं वय दिलेलं असेल, तर घोड्याला अजून चार पूर्ण व्हायची आहेत असं समजा.

दुसरी पायरी: शोधायचं कुठे आणि काय टाकून

न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘पेपर्स पास्ट’ हा संग्रह घरबसल्या फुकट वाचता येतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ही तसाच. पेपर्स पास्टमध्ये वर्तमानपत्र निवडा, तारखांची मर्यादा घाला आणि फक्त जाहिराती दाखवायला सांगा. ही शेवटची चाळणी लावली नाही तर शर्यतींच्या बातम्यांचा ढीग अंगावर येतो.

‘स्टॅलियन’ हा शब्द टाकणं ठीकच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या काळी खच्ची न केलेल्या घोड्याला ‘एंटायर’ म्हणत. हा शब्द एकटा टाकलात तर ‘संपूर्ण’ या अर्थाची हजार वाक्यं येतील, म्हणून त्याच्या जोडीला ‘ड्राफ्ट’ (ओढकामाचा), ‘क्लाइड्सडेल’ (जड घोड्यांची स्कॉटिश जात) किंवा ‘हॉर्स’ द्या. ‘ग्रूमेज’, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराची रक्कम, हा तर रामबाण शब्द. तो दुसऱ्या कुठल्या मजकुरात सहसा येतच नाही. जुना झिजलेला छाप यंत्राला नीट वाचता येत नाही, त्यामुळे एकाच जाहिरातीचे वेगवेगळ्या तारखांचे अंक उघडून पाहा. जाहिरात आठवडेच्या आठवडे जशीच्या तशी छापली जायची, एका अंकात पुसट असेल तर दुसऱ्यात स्वच्छ सापडते.

घोड्याच्या चित्राकडे मात्र लक्ष देऊ नका. छापखान्यात एक-दोन लाकडी ठसे असायचे आणि लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखे ते सगळ्यांना चालायचे. एकाच पानावर ओढकामाचा घोडा आणि शर्यतीचा घोडा एकाच चित्रात उभे दिसतील.

तिसरी पायरी: घोडा उभा आहे की फिरतोय?

इथून खरं वाचन सुरू होतं. समजायला सोपं जावं म्हणून वारंवार दिसणाऱ्या शब्दप्रयोगांवरून मी एक नमुना जुळवला आहे. ही खरी जाहिरात नाही, घोडाही काल्पनिक आहे:

‘या हंगामात फिरेल: शुद्ध क्लाइड्सडेल घोडा यंग चॅम्पियन. सोमवारी ॲशबर्टनहून निघून टिनवॉल्डमार्गे हाइंड्स, तिथे मुक्काम. मंगळवारी लाँगबीच. बुधवारी वकानुईमार्गे परत. गुरुवारी चर्टसी, मुक्काम रकाया. शुक्रवारी मेथवेन. शनिवारी ॲशबर्टन. यंग चॅम्पियन गर्द कुमैत, १६ हँड ३ इंच, पायाला भरपूर झुलपं, स्वभावाने गरीब, शिंगरं देण्यात खात्रीचा. फी ३ पौंड ३ शिलिंग, ग्रूमेज ५ शिलिंग पहिल्या भेटीला. बाकी रक्कम १ जानेवारीला. एकाच मालकाच्या दोन किंवा अधिक घोड्या असल्यास ठरेल तसे. सर्व काळजी घेतली जाईल, पण जबाबदारी घेतली जाणार नाही.’

‘उभा राहील’ म्हणजे घोडा मालकाच्या तबेल्यात असेल, घोडी तिथे न्यायची. शर्यतीचे जातिवंत थरोब्रेड बहुतेक असे. ‘फिरेल’ म्हणजे मोतद्दार घोड्याला घेऊन शेतकऱ्याच्या दारात येईल. ओढकामाचे घोडे फिरते असत, आणि त्याचं कारण शेतकऱ्याच्या कामात आहे. त्याची घोडी शोभेची नव्हती, नांगराच्या जोडणीतली होती. ती दोन-तीन आठवडे दूरच्या तबेल्यात जाऊन राहिली तर पेरणी अडायची. घोडा फाटकापाशी आला तर घोडीचं औत तासाभरासाठी सोडलं, की काम झालं.

आता रस्ता नकाशावर काढा. खरंच कागद घेऊन काढा, नुसतं वाचून कळत नाही. ॲशबर्टन ते रकाया सुमारे २८ किलोमीटर. मोतद्दार तट्टावर किंवा हलक्या गाडीत, जड घोडा शेजारी दोरीवर, चालीने चाललेला, वाटेत चार-दोन फाटकांवर थांबणारा. एवढ्या अंतरात दिवस संपतो. मुक्काम बहुधा एखाद्या हॉटेलात, कारण तिथे तबेला असायचा. अशा दहा-बारा जाहिरातींचे रस्ते एकावर एक ठेवलेत, की कुठे लहान शेतकरी दाट होते, कुठे एकाच जमीनदाराचा मोठा पसारा होता आणि कुणाचा घोडा कुणाच्या हद्दीत घुसत होता, ते उघडं पडतं. जनगणनेच्या तक्त्यातून हे इतकं जिवंत दिसत नाही.

रस्ता आठवड्याने फिरून त्याच फाटकापाशी का येतो, हेही पाहून ठेवा. घोडीच्या माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं. त्यातले पाच-सहा दिवस ती घोडा घेते. आठवड्याच्या फेरीत एखादी घोडी माजावर असताना सापडायची शक्यता चांगली, आणि भरवल्यावर तिसऱ्या फेरीला, बरोबर २१ दिवसांनी, ती उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का, हेही तपासता येतं. व्यायल्यावर नवव्या दिवसाच्या सुमारास घोडी पुन्हा माजावर येते. तो दिवस गाठण्यासाठी शेतकरी मोतद्दाराची वाट पाहत असे.

तपासणी कशी व्हायची? घोडी फाटकाच्या किंवा जाड आडव्या ओंडक्याच्या एका बाजूला, घोडा दुसऱ्या बाजूला. नाकाला नाक लागलं, की मोतद्दार घोडीकडे बघतो. कान मागे टाकून ती किंचाळली, मागचे पाय झाडले तर आज नाही. पाय फाकवून शांत उभी राहिली, शेपूट बाजूला घेतली, तर फाटक उघडायचं. मधलं लाकूड भक्कम हवं. चिडलेल्या घोडीची एक लाथ घोड्याच्या मांडीवर बसली तर मालकाचा सगळा हंगाम बुडाला. जाहिरातीतल्या ‘जबाबदारी घेतली जाणार नाही’ या ओळीमागे ही भीतीही आहे आणि उलटीही, म्हणजे घोडीला इजा झाली तर काय, ही.

चौथी पायरी: पैशाचा हिशेब

१२ पेन्स म्हणजे १ शिलिंग, २० शिलिंग म्हणजे १ पौंड, आणि २१ शिलिंग म्हणजे १ गिनी. तेव्हा नमुन्यातले ३ पौंड ३ शिलिंग म्हणजे नेमक्या ३ गिनी. फी गिनीच्या पटीत दिसली की मालकाला आपला घोडा वरच्या पायरीचा वाटतो एवढं समजावं. नुसत्या २ पौंड किंवा अडीच पौंडांच्याही जाहिराती पुष्कळ आहेत. त्या जास्त रोखठोक वाटतात मला.

पैसे तीन भागांत येतात आणि तिन्ही वेगळे नोंदवा.

ग्रूमेज ही मोतद्दाराची रक्कम, बहुधा ५ शिलिंग, पहिल्याच भेटीला रोख. घोडी गाभण राहो न राहो, ती परत मिळत नाही.

फी हंगामाअखेर. कधी १ जानेवारी, कधी फेब्रुवारी-मार्च. ही तारीख नुसती बघून सोडू नका. कँटरबरीत गव्हाची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत होते. फीची तारीख कापणीनंतरची असेल तर मालक शेतकऱ्याला पीक विकेपर्यंत उधारी देतोय. १८८०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये दीर्घ मंदी होती. त्या वर्षांतल्या एकाच मालकाच्या जाहिराती ओळीने लावून बघा: फी उतरते का, मुदत पुढे सरकते का. जिल्ह्याच्या खिशाची नाडी इथे सापडते.

तिसरा भाग खात्रीचा. ‘घोडी गॅरंटी करून घ्यायची असल्यास’ असं लिहून वेगळी, जास्त रक्कम दिलेली असते. म्हणजे घोडी गाभण राहिली नाही तर फी नाही. साध्या फीत ही खात्री नसते, भरवण्याचे पैसे भरवले म्हणून. नवे वाचक या दोन रकमा एकत्र करतात आणि मग घोड्याची फी अचानक वाढली असा भलताच निष्कर्ष काढतात. उभ्या घोड्याच्या जाहिरातीत याशिवाय कुरणाचं भाडंही येतं, आठवड्याला काही शिलिंग, किंवा पहिले काही आठवडे मोफत.

फी जड होती का? शेतावर राहून-जेवून काम करणाऱ्या नांगऱ्याला आठवड्याला साधारण एक पौंड मिळे. म्हणजे एक घोडी भरवायला गड्याचा तीन आठवड्यांचा पगार. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हंगामात ६० घोड्या धरा: १८० पौंडांच्या आसपास जमा. त्यातून मोतद्दाराचा पगार, हॉटेलांचे मुक्काम, दाणा, जाहिरात आणि छापील पत्रकं वजा. स्कॉटलंडहून जहाजाने आणवलेल्या घोड्याची किंमत शेकड्यांनी पौंड, आणि वाटेत समुद्रात तो मेला तर सगळंच गेलं. फायदा होता, पण आरामाचा नव्हता. वसुलीची कटकट वेगळीच. फीवरून मालक आणि शेतकरी मॅजिस्ट्रेटपुढे गेल्याच्या बातम्या याच वर्तमानपत्रांत आतल्या पानांवर सापडतात. आपण निवडलेल्या मालकाचं नाव टाकून त्या जरूर शोधा, कारण तोंडी ठरलेल्या अटी तिथेच काय त्या लेखी येतात.

पाचवी पायरी: वंशावळ, आता

‘बाय’च्या पुढे बाप, ‘आउट ऑफ’च्या पुढे आई. आईच्या बाजूला बहुतेकदा तिच्या बापाचंच नाव असतं, तिचं स्वतःचं नाही.

यातलं किती खरं मानायचं ते सालावर अवलंबून आहे. थरोब्रेडची नोंदवही इंग्लंडमध्ये १७९१पासून आहे, त्यामुळे शर्यतीच्या घोड्याचे पूर्वज पडताळता येतात. ओढकामाच्या घोड्यांची गोष्ट वेगळी. क्लाइड्सडेल हॉर्स सोसायटी १८७७मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर नोंदवही निघाली. शायर जातीची संस्था १८७८ची. न्यूझीलंडमध्ये क्लाइड्सडेलसाठी स्वतंत्र संस्था तर १९११मध्ये आली. म्हणून १८६५च्या जाहिरातीतला ‘शुद्ध क्लाइड्सडेल’ हा मालकाचा शब्द आहे, नोंदीचा पुरावा नव्हे. कधी तो प्रामाणिक असतो. पण प्रामाणिक म्हणजे पडताळलेला नव्हे.

पुढच्या काळात नावामागे आकडा दिसू लागतो: प्रिन्स ऑफ वेल्स ६७३, डार्नली २२२. हा नोंदवहीतला क्रमांक. हे दोन घोडे, पहिला १८६६ला आणि दुसरा १८७२ला जन्मलेला, नंतरच्या क्लाइड्सडेल वंशाचे आधारस्तंभ मानले जातात, त्यामुळे त्यांची नावं वसाहतीतल्या जाहिरातींत उठून दिसतात. आकडा असेल तर शोध सोपा. आकडा नसलेला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ मात्र कुठलाही असू शकतो, राजघराण्यावरून घोड्यांची नावं ठेवायची तेव्हा हौसच होती. चॅम्पियन, नेल्सन, वेलिंग्टन यांचंही तेच. ‘यंग’ लावलं की बाप तो, एवढा दावा झाला. एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी दोन ‘यंग चॅम्पियन’ निघाले तर गोंधळून जाऊ नका, रंग, उंची आणि मालक यांवरून वेगळे करा. उंची हँडमध्ये असते, एक हँड म्हणजे ४ इंच. १६ हँड ३ इंच म्हणजे खांद्याच्या उंचवट्यापर्यंत ६७ इंच.

थरोब्रेडमध्ये रस असेल तर दोन घोड्यांपासून सुरुवात करा. ट्रॅड्यूसर १८६२मध्ये न्यूझीलंडला आला. स्वभावाने इतका तापट, की त्याची कीर्ती त्याच्या पोरांच्या विजयांइतकीच पसरली. आणि १८७८मध्ये आणलेला मस्केट. तो १८८५मध्ये मेला, आणि त्याच वर्षी ऑकलंडजवळ सिल्व्हिया पार्कला त्याचा मुलगा कार्बाइन जन्मला. या कार्बाइनने १८९०चा मेलबर्न कप ३९ घोड्यांच्या मैदानात पाठीवर १० स्टोन ५ पौंड, म्हणजे जवळजवळ ६६ किलो वजन घेऊन जिंकला. बापाच्या हयातीतली फी आणि मुलाच्या यशानंतर मस्केटच्या इतर पोरांच्या जाहिरातींतला सूर, ही तुलना करून बघण्यासारखी आहे.

सहावी पायरी: जे लिहिलेलं नाही ते शोधा

‘शिंगरं देण्यात खात्रीचा’ हे सगळेच लिहितात. गेल्या हंगामात किती घोड्या भरल्या आणि किती गाभण राहिल्या हे आकडे देणारा मालक विरळा. तो सापडला तर त्याची जाहिरात बाजूला काढून ठेवा.

घोड्याच्या दोषांबद्दल जाहिरात अर्थातच गप्प असते. श्वास घेताना घरघर, खुराच्या वर वाढलेलं हाड, गुडघ्यात किंवा घोट्यात सूज, डोळ्यात मोतीबिंदू, हे पिढीजात उतरणारे दोष अशी तेव्हाची समजूत होती. हे तपासणारा सरकारी पशुवैद्य वसाहतीतल्या बहुतेक जिल्ह्यांत १८८०च्या दशकात नव्हताच. खुद्द ब्रिटनमध्येसुद्धा फिरत्या घोड्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा १९१८मध्ये झाला. तोवर एकच उघड परीक्षा होती: कृषी संघाचं प्रदर्शन आणि हंगामाआधी भरणारी घोड्यांची परेड. परेडचे वृत्तान्त ऑगस्ट-सप्टेंबरच्या आतल्या पानांवर मिळतात. जाहिरातीत मिरवणारा घोडा परेडला आलाच नाही, असं दोन-तीन वर्षं दिसलं तर संशय घ्यायला जागा आहे. पुढच्या वर्षी तोच घोडा शंभर मैल लांबच्या जिल्ह्यात नव्या मालकाकडे दिसला तर जागा आणखी मोठी. अर्थात दुसरं साधं कारणही असतं: तीन-चार हंगाम झाले की घोड्याच्या स्वतःच्या पोरी भरायच्या वयाला येतात आणि त्याला जिल्हा बदलावाच लागतो. म्हणून निकाल द्यायची घाई नको.

नोंदी ठेवताना एका घोड्याला एक पान द्या. साल, वर्तमानपत्र, तारीख, मालक, मोतद्दार, रस्ता, तिन्ही रकमा, फीची मुदत, बाप, आई. पाच-सात हंगामांच्या जाहिराती झाल्या की पानं आपोआप बोलू लागतात. १९११च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये घोड्यांची संख्या ४ लाखांच्या वर जाऊन शिगेला पोहोचली. त्यानंतर मोटार आणि ट्रॅक्टर. जाहिरातींचा रकाना कसा आटत गेला तेही मोजून बघता येईल.

हीच पद्धत भारताला लावायची असेल तर

थोडं जपून. घोड्यांच्या बाबतीत त्या वसाहती आणि आपण एकाच व्यापारात होतो. न्यू साउथ वेल्सवरून ‘वेलर’ म्हटले जाणारे ऑस्ट्रेलियन घोडे लष्करासाठी जहाजांनी मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला उतरत होते. पण इथली पैदास मालकांच्या जाहिरातींवर चालत नव्हती. सरकारला घोडदळासाठी घोडे हवे होते, म्हणून सरकारच पैदाशीचे घोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवत होतं, आणि शेतकऱ्यांच्या पसंत केलेल्या घोडींवर डाग देऊन त्या भरवल्या जात होत्या. याचं टोक पंजाबात दिसतं. लोअर झेलम कालव्याच्या वसाहतीत, सरगोध्याच्या भागात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांना जमीन मिळाली ती घोडी पाळण्याच्या अटीवरच. त्यांना ‘घोडीपाल’ म्हणत. फी परवडत नसेल तर न्यूझीलंडचा शेतकरी मोतद्दाराला फाटकावरून परत पाठवू शकत होता. घोडीपालाने घोडी ठेवली नाही तर जमीनच धोक्यात.

त्यामुळे इथला मजकूर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर शोधू नका. गॅझेटिअर, लष्करी पशुवैद्यक आणि घोडेपैदास खात्यांचे वार्षिक अहवाल, आणि कायदे बघा. पुण्यात १८६२मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली होती, तेव्हा पुण्याचा धागा लवकर हाती लागतो. भीमा आणि नीरा खोऱ्यांतल्या भीमथडी घोड्यांसाठी १८८५चा पुणे जिल्ह्याचा गॅझेटिअर ही पहिली पायरी. याच भीमथडीची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे. घोड्यांच्या रोगांवरच्या कायद्यांत १८९९चा ग्लँडर्स आणि फार्सी कायदा आणि १९१०चा डूरीन कायदा हे दोन काढा. डूरीन हा रोग घोडा-घोडीच्या मिलनातूनच पसरतो. रोगट घोडा एका हंगामात किती गावांच्या घोड्या बाधित करू शकतो, ते वरचा ॲशबर्टनचा आठवडाभराचा रस्ता पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातला की समजेल.